काळूरामचा पंचा

धाकटीखारच्या नाक्यावर दयाराम घरतची नक्कल कुणालाही जमते. मान थोडी डावीकडे टाकायची, एक डोळा मिटायचा, आवाज नाकात घ्यायचा आणि म्हणायचं, "हलू नको. श्वास धर. मेल्यासारखा बस, म्हंजे जित्ता दिसशील." शाळेतली पोरं करतात, रिक्षावाले करतात. एकदा भर ग्रामसभेत सरपंचबाईंनी केली आणि पाण्याचा ठराव राहिला बाजूला. दयारामला राग यायचा नाही. उलट पानटपरीवरून तो ओरडायचा, "नाक कमी परलं गं! अजून घे नाकात!"

चाळीस वर्षं त्यानं गावाला हेच सांगितलं होतं. सतराव्या वर्षी तो मुंबईला लालबागेत दत्तात्रेय मास्तरांच्या स्टुडिओत लागला, अकरा वर्षं लाल दिव्याखाली हात भिजवले आणि परत येऊन नाक्यावर दोन खोल्यांत दुकान टाकलं. पुढच्या खोलीत पडदा आणि स्टूल. मागच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर पाटी: 'घरत फोटो. फोटो कधीही फिका पडणार नाही.' बंदर आलं, मिठागरं भरावाखाली गेली, आणि ज्याची ज्याची जागा गेली त्याला त्याला ओळखपत्राला फोटो लागला. तो दयारामचा सुगीचा काळ. मग मोबाईल आले. मागच्या खोलीत सून विनिता कांदे ठेवायला लागली.

कांदे बाहेर काढले ते राहीनं. ही मुंबईच्या कला महाविद्यालयातली पोरगी, उरलीसुरली मिठागरं टिपायला आली आणि आठ दिवस दयारामची अंधारी खोली मागून बसली. तिच्याकडं एक काळी बाटली होती. फोटोच्या कागदावर उजेडाला भिणारा जो थर असतो, तोच बाटलीत भरलेला. ती त्याला इमल्शन म्हणायची. गार असताना खरवसासारखा घट्ट, कोमट पाण्यात बाटली ठेवली की पातळ. ब्रशनं कापडावर फासायचा, अंधारात वाळवायचा आणि त्यावर फोटो छापायचा.

"काका, जुनं सुती कापड हवं हां. नव्याला ना, मेमरीच नसते."

"मेमरी," दयाराम मान डोलवत म्हणाला. त्याला मेमरी म्हणजे मोबाईलमधलं कार्ड माहीत होतं. पण राहीनं एका विटक्या लुगड्यावर मिठाचे ढीग उमटवले तेव्हा तो स्टुलावर बसला तो उठेचना. जाताना ती बाटलीतलं उरलेलं त्याला देऊन गेली. बाटली फ्रिजमध्ये गेली, कोथिंबिरीच्या शेजारी. विनिता शेजारणीला सांगायची, "आमच्या फ्रिजात बाबांचा काळोख हाय. हात लावला तर आमचाच फोटो निघंल."

ते लुगडं येसूबाईनं पाहिलं होतं.

येसूबाई म्हणजे काळूरामची बायको. काळूराम मिठागरात राबायचा. आगर गेलं तेव्हा एका कंटेनर यार्डात लागला, आणि तिसऱ्या महिन्यात मागं येणाऱ्या ट्रेलरखाली सापडला. तोंड झाकूनच घरी आणला. गावातली मोठी माणसं म्हणाली, नको बघूस. येसूबाईच्या पोटात सातवा महिना होता. तिला कुणी फडकं उचलूच दिलं नाही. पुढं प्राप्ती झाली. ती दोन वर्षांची असताना जुलैच्या पुरात घरात गळाभर पाणी शिरलं आणि लग्नाचा एकुलता एक फोटो भिंतीवरच कुजला. म्हणजे लेकीनं बाप पाहिलेला नाही, आणि आईनं शेवटचा पाहिलेला नाही.

एप्रिलमध्ये प्राप्तीचं लग्न ठरलं आणि येसूबाई दुकानाची पायरी चढली. काखेत एक घडी केलेला पांढरा पंचा.

"दयादादा, यो त्याचा. त्या दिशी खुटीवर विसरून गेला. तवापासून ट्रंकेत हाय. ह्याच्यावर त्याचा त्वांड उमटव."

"कागदावर देतो की मोठा करून. काचेची फ्रेम—"

"कागुद नको. कागुद पानी आला का जातो. कापूर धुतला तरी ऱ्हातो." धाकटीखारला कापडाला कापूर म्हणतात. "आमचे घरची रीत तुना माहीत हाय. बाप नसंल तर हळदीला त्याचा कापूर पाटावर बसतो, पयली हळद त्याला. नुस्ता पंचा बसवू? प्राप्ती बोलते, आये, मी पंच्याला बाबा बोलू काय? आनि हळद झाली का मी तो ठेवनार. मी मेली का माझे तोंडावर घालायचा. त्याचा त्वांड मना दावला न्हाय ना? मग जाताना माझे तोंडावर ऱ्हाऊ दे."

दयारामनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. डोळे पुसायची ही त्याची पद्धत गावाला माहीत होती. हिचीही नक्कल होते.

"येसू, तुला चेहरा आठवतो?"

"डोले आठवतात. नाक आठवतं. सगला एकदम येत न्हाय."

ओळखपत्राच्या निगेटिव्ह त्यानं पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, आणि त्यात काळूराम सापडला. पण दमटानं तो पाकिटालाच चिकटलेला. पाण्यात भिजवून अलगद सोडवला तेव्हा एका कोपऱ्याचा पापुद्रा उठून आला. चेहरा शाबूत होता. किती दिवस राहील ते सांगता येत नव्हतं.

येसूबाईचा भाचा धनेश फ्लेक्सचे बॅनर छापतो. गावात वाढदिवस असो की श्रद्धांजली, फोटोतले दात तोच पांढरे करतो. तो मोटरसायकल बंद न करताच म्हणाला, "काका, एवढा टेन्शन कायको? निगेटिव्ह दे, स्कॅन मारतो, पंच्यावर प्रिंट. दस मिनिट. वर फूल फ्री."

"तुझे मशिनीत घातली तर पापुद्रा सुटंल."

"मग मोबाईलवर तरी एक काढून ठेवू?"

"फोटोचा फोटो म्हंजे उष्टं जेवण," दयाराम नाकातून म्हणाला. "मी उष्टं वाढत न्हाय."

"आनि तुझा फ्लेक्स," आतून येसूबाई, "दोन म्हयन्यांत बकऱ्यांचे गोठ्यावर ताडपत्री व्हतो. तुझे मामाला बकऱ्यांवर टाकू काय रं?"

धनेश हसत निघून गेला. दयारामही हसला. ते हसू पुढं त्याला फार महाग पडलं.

लग्न मे महिन्यात. मेमध्ये धाकटीखारच्या नळाला हवा येते. टँकर तिसऱ्या दिवशी, तोही ड्रायव्हरची मर्जी असेल तर. अंधाऱ्या खोलीत उकाडा असा की इमल्शन कापडावरून ओघळून खाली येईल. दयारामनं करंज्याच्या बंदरावरून मासळीचा बर्फ आणला, टबांभोवती रचला. खोलीला बोंबलाचा वास सुटला. पंचा आधी भाताच्या पेजेची खळ देऊन वाळवला, मग लाल दिव्याखाली ब्रश फिरवला. बाटलीत होतं तेवढं त्या एका कापडाला पुरलं. चिंध्यांवर तीन चाचण्या झाल्या होत्या. चौथी म्हणजे खरी. दुसरी संधी नव्हती.

हळदीच्या दिवशी सकाळी त्यानं पंचा फोटो मोठा करायच्या मशिनीखाली ताणला आणि उजेड सोडला. ओठ हलवत चाळीस आकडे मोजले. मग फोटो उमटवायच्या औषधाचा बोळा कापडावरून फिरवायला लागला. आधी काहीच नाही. मग भुवया आल्या, मग गळ्यापर्यंत लावलेलं शर्टाचं बटण, मग डोळे. कापडाचे धागे चेहऱ्यातून आडवे-उभे गेलेले, जाळीआडून कुणी बघावं तसं. दयारामला तो दिवस आठवला. काळूराम स्टुलावर असा ताठ बसला होता की दयाराम म्हणाला, अरं, नोकरी लागली, फाशी न्हाय.

मागं मशिनीतली निगेटिव्ह काढायला तो वळला. दिव्याच्या तापानं पापुद्रा पार उकलला होता. चिमटा लावताच चेहऱ्याच्या खपल्या हातावर पडल्या. दयारामनं त्या फुंकरल्या नाहीत, झटकल्याही नाहीत. हळूच एका डबीत ठेवल्या. आता काळूराम या पंच्यावर होता, आणखी कुठंच नव्हता.

राहिली धुलाई. फोटो पक्का करायला हायपो नावाचं औषध लागतं. इमल्शन उन्हाळ्यात वितळू नये म्हणून त्यात तुरटी. आणि तो हायपो नंतर कापडातून पुरता निघाला पाहिजे, नाहीतर वर्षभरात फोटो पिवळा पडतो. कागदाला पाऊण तास वाहतं पाणी; कापडाला दुप्पट. एवढं गोडं पाणी मेमध्ये कुठलं? पण दत्तात्रेय मास्तरांनी तोंडात तंबाखू धरून एक गोष्ट शिकवली होती, आणि दयाराम ती मास्तरांच्याच तंबाखूभरल्या आवाजात सांगायचा: "हायपो झटकन पळवायचा तर खाऱ्या पाण्यात धू. पण शेवटी गोडं पाणी पाजायचं. नाही पाजलंस, तर मीठ आत बसतं आणि बसल्या बसल्या फोटो खातं."

त्यानं भरतीला खाडीचं पाणी पिंपात भरून घेतलं होतं. त्या पाण्यात त्यानं पंचा तासभर घोळला. गोड्या पाण्याच्या दोन कळश्या परवाच्या टँकरमधून राखून, वर ताटं झाकून मोरीत ठेवल्या होत्या. कंबर धरली म्हणून तो दहा मिनिटं आडवा झाला. उठून मोरीत गेला तर ताटं होती, कळश्या नव्हत्या.

"विनिता! कलश्या कुठं?"

"दिल्या की."

"कोनाला?"

"हळदीच्या घरी." विनिता भाजी चिरता चिरता म्हणाली. "दर घरानं एक कळशी गोडं पाणी द्यायचं असतं ना? सगळ्या गल्लीनं दिलं."

"एक! दोन कशाला दिल्या?"

"एक घराची. एक तुमच्या नावाची. तुम्ही मोठे. एकच दिली असती तर येसूमावशीच काय बोलली असती?"

ही रीत दयारामच्या आईनंच विनिताच्या सासूला शिकवली होती.

तो चपला न घालता येसूबाईच्या मांडवात गेला. त्याच्या दोन्ही कळश्या, त्यांचे पिचके काठ तो कुठंही ओळखेल, चुलीपाशी उपड्या पडल्या होत्या. शेजारी चाळीस माणसांचा चहा उकळत होता.

"ये दयादादा!" येसूबाईनं त्याच्या हातात पेला दिला. "आधी चा घे. पंचा झाला? कसा आला रं तो?"

"झाला," दयाराम म्हणाला. "बराबर आला."

आणि काळूरामला पाजायचं पाणी तो स्वतः प्याला. साखर जास्त होती.

नाक्यावरचे पाण्याचे सगळे जार हळदीच्या घरी गेलेले. दुकानात लिटरच्या नऊ बाटल्या मिळाल्या. त्या एकेक करून त्यानं पंच्यावर ओतल्या, पिळता येत नव्हता म्हणून नुसता निथळू दिला, मग कापडाचा कोपरा जिभेला लावून पाहिला. खारट. अजून खारट. तेवढ्यात दारात मोटरसायकल फुरफुरली. "काका, चल! बाप किधर हाय? पाट मांडलाय, सब वेटिंग!"

उद्या टँकर येईल, उद्या परत धुऊ, दयारामनं ठरवलं. ओला पंचा पंख्याखाली कसाबसा वाळवला आणि दोन्ही हातांवर घेऊन, पाळण्यातलं पोर न्यावं तसा, तो मांडवात घेऊन गेला.

डीजे बंद झाला. पाटावर पंचा उलगडला, आणि येसूबाई खाली बसली. बावीस वर्षांनी नवरा समोर, डोळे उघडे, गळ्याचं बटण लावलेलं. ती रडली नाही. "बटन बघ," ती प्राप्तीला म्हणाली. "मीच लावलेला. तो बोलला, गला आवलतो गं. मी बोलली, साहेबाचे समोर जायचंय." मग तिनं दोन बोटांनी हळद उचलून त्याच्या गालांना लावली. प्राप्तीनं अख्खा तळवा भरला आणि बापाच्या कपाळावर ठेवला. ठेवला तो काढेचना. "बाबा," ती म्हणाली. एवढंच. मग कुणीतरी लग्नाचा धवला गायला सुरुवात केली, डीजे परत लागला, निळे-गुलाबी दिवे फिरले. शंभर मोबाईल वर आले, पण त्या उजेडात चेहरा कुठला आणि हळद कुठली, एकाही फोटोत कळत नाही.

लग्न लागलं, पोरगी सासरी गेली, टँकर आला. दयाराम कळशी भरून ठेवून येसूबाईकडं गेला.

"पंचा दे जरा. एक पानी दावायचं ऱ्हायलंय."

"पानी?" येसूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू त्यानं मंगळसूत्र मागितलं. "हळद लागलीय त्याला. माझे लेकीचा हात हाय त्याच्यावर. हळदीचा कापूर कोन धुतो रं? तुझे पोराचे लग्नातला धुतलावतास?"

आता बोलायचं होतं. एकच वाक्य होतं: न्हाय धुतला तर त्वांड जाईल. पण चाळीस वर्षं दुकानावर पाटी होती, फोटो कधीही फिका पडणार नाही. आणि येसूबाई त्या पाटीकडं बघावं तशी त्याच्याकडं बघत होती.

"न्हाय, तसा काय न्हाय," दयाराम म्हणाला. "बरा हाय ना? मग ऱ्हाऊ दे."

पाऊस लागला. येसूबाई रस्त्यात भेटली की दयाराम विचारायचा, "पंचा कसा हाय?"

"ट्रंकेत हाय. कडुलिंबाचा पाला घातलाय."

"काढून बघितलास?"

"देवाला सारखा उघडा करतात काय? पितरांना काढीन."

घरी भिंती घामेजल्या की दयारामला ती ट्रंक आठवायची. मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे आगऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. धनेशला त्यानं एकदा सहज विचारलं, कापडावरून स्कॅन होतो काय रे? "होतो ना काका. पन आता कायको? उष्टं जेवनार काय?" धनेशनं नाकातला आवाज इतका बरोबर काढला की टपरीवर सगळे लोळले. दयारामनं या वेळी काही सुधारणा सांगितली नाही.

भाद्रपदात काळूरामच्या तिथीला सकाळीच निरोप आला. येसूबाई बोलावतेय, लगेच.

येसूबाई ट्रंकेपाशी बसली होती. पंचा मांडीवर. दयारामनं लांबूनच पाहिलं. त्यानं वाटेत बरीच उत्तरं जुळवली होती: हवामान, बाटली जुनी होती, राहीनं सांगितलं नव्हतं, कडुलिंबाचा पाला बाधला. पंचा पाहिल्यावर त्यातलं एकही तोंडात राहिलं नाही. कापडावर चहा सांडून वाळावा तसा डाग होता. डागात कुठं भुवईची कड, कुठं बटणाचा गोल. बाकी गेलेलं. आणि त्या सगळ्यावर, तुरटीनं पक्की धरलेली, पिवळीजर्द, पाची बोटांची हळद. प्राप्तीचा तळवा होता तसाच होता. ज्या कपाळावर तो ठेवला होता ते कपाळ नव्हतं.

"दयादादा, यो कुठं गेला रं?"

तो खाली बसला आणि सांगितलं. खारं पाणी, कळश्या, चहा, नऊ बाटल्या, जिभेला लागलेलं मीठ. निगेटिव्हच्या खपल्या. मोबाईलवर काढू दिला नाही तेही. एकदाही नाकातून बोलला नाही.

येसूबाईनं पंच्याच्या काठाचा एक दोरा ओढला.

"लगीन झाल्यावर तू आलावतास. पानी दावायचं बोललास."

"हां."

"तवा का न्हाय बोललास, त्वांड जाईल म्हनून?"

दयारामनं चष्मा काढला.

"मी दिला असता." तिचा आवाज चढला नाही. "हळद काय रं, हळद परत लावली असती. पोरीला सासरशी बोलावली असती, बोलली असती, ये गं, बापाला हळद लाव परत. ती धावत आली असती."

बाहेर कावळ्याला ठेवलेला घास कावळ्यानं शिवला होता की नाही, ते बघायला कुणी उठलं नाही.

तिनं पंच्याची घडी घातली. हळदीचा हात वर येईल अशी. ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझे तोंडावर घालायचा तो ह्योच घालतील." मग भिंतीला टेकली.

"तू त्याला बघितलास ना फोटोचे दिशी. कॅमेऱ्यातून. तुझे समोर बसलावता."

"बसलावता."

"मग सांग. कसा दिसत व्हता? पयल्यापासून सांग. डोले मना ठाव हायेत. बाकीचा सांग."

दयारामनं तोंड उघडलं. काळूराम स्टुलावर होता, पडद्यावर ऊन होतं, हे सगळं त्याला दिसत होतं. पण त्यानं चाळीस वर्षांत हजारो माणसं त्याच स्टुलावर बसवली होती, आणि आता काळूरामच्या बटणाच्या वर कधी एकाचं तोंड येत होतं, कधी दुसऱ्याचं. ओठ जाड होते की पातळ? हनुवटीला खळी होती? ती समोर वाट बघत बसली होती.

"ताठ बसलावता," तो शेवटी म्हणाला. "मी बोललो, हलू नको. श्वास धर."

"आनि?"

पुढचं वाक्य गावातल्या पोरासोरांना पाठ होतं. तिलाही होतं. तो ते बोलला नाही, आणि तीही त्याच्याऐवजी बोलली नाही.